रॉबर्ट पोलार्ड आणि गाइडेड बाय व्हॉइसेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या चाकोरीबाहेरचं रॉक संगीत, ऐकणाऱ्या कुणाशीही गप्पा रंगल्या की कधी ना कधी रॉबर्ट पोलार्डचं नाव निघतंच. त्याची गाणी हजारोंनी आहेत, अल्बम शंभराच्या वर गेले आहेत आणि बँडमधली माणसं सतत बदलत राहिली. त्यामुळे नवा माणूस दारातच अडखळतो. मला गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

रॉबर्ट पोलार्ड म्हणजे नेमका कोण?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहराचा गायक आणि गीतकार. जन्म ३१ ऑक्टोबर १९५७. १९८३ मध्ये त्याने मित्रांना घेऊन गाइडेड बाय व्हॉइसेस हा बँड सुरू केला. चाहते या बँडला आद्याक्षरांवरून जीबीव्ही म्हणतात. तरुणपणी तो खेळाडू होता. राइट स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघात तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता आणि एका सामन्यात त्याने नो-हिटर टाकला होता, म्हणजे समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू दिली नव्हती. पुढे रंगमंचावर तो हवेत उंच लाथ मारायचा, माइक वायरीला धरून गरगर फिरवायचा, ते सगळं या खेळाडूच्या अंगातूनच आलेलं.

गाण्याचं वेड मात्र त्याही आधीचं. लहानपणापासून तो कल्पनेतल्या बँडची नावं ठरवायचा, त्यांच्या अल्बमची मुखपृष्ठं काढायचा, गाण्यांची यादी लिहायचा. आधी नाव, मग चित्र, मग कधीतरी गाणं, हा क्रम त्याने मोठेपणीही सोडला नाही.

गाइडेड बाय व्हॉइसेस हा बँड आहे की एकट्या पोलार्डचं दुसरं नाव?

दोन्ही. या चाळीस वर्षांत बँडमधून डझनावारी माणसं आली आणि गेली. कायम राहिला तो एकटा पोलार्ड. २०१६ चा ‘प्लीज बी ऑनेस्ट’ तर त्याने सगळी वाद्यं स्वतः वाजवून केला आणि तरीही त्यावर बँडचंच नाव लावलं.

पण म्हणून बाकीचे नुसते हरकामे होते असं समजू नका. १९९२ ते १९९६ या काळातला संच, म्हणजे टोबिन स्प्राउट, मिच मिशेल, केविन फेनेल, ग्रेग डेमॉस, डॅन टूही ही मंडळी नसती, तर ज्या आवाजामुळे आपण पोलार्डला ओळखतो तो आवाज घडलाच नसता. भाऊ जिम पोलार्डही अनेक गाण्यांत सहलेखक आहे. आणि नंतरच्या काळात गिटारवादक डग गिलार्डने बँडला जे दिलं त्याचं मोल वेगळंच.

तो शाळामास्तर होता हे खरं का?

अगदी खरं. त्याने डेटनमध्ये चौदा वर्षं शिक्षकाची नोकरी केली, चौथीच्या वर्गावर. दिवसा शाळा आणि संध्याकाळी, शनिवारी-रविवारी तळघरात किंवा गॅरेजमध्ये मित्रांबरोबर रेकॉर्डिंग. पहिली रेकॉर्ड, ‘फॉरेव्हर सिन्स ब्रेकफास्ट’, १९८६ मध्ये आली. १९८७ मध्ये ‘डेव्हिल बिटवीन माय टोज’ आणि ‘सँडबॉक्स’, १९८९ मध्ये ‘सेल्फ-इन्फ्लिक्टेड एरियल नॉस्टॅल्जिया’, १९९० मध्ये ‘सेम प्लेस द फ्लाय गॉट स्मॅश्ड’. प्रत्येक रेकॉर्ड पदरमोड करून काढलेली, प्रती मोजक्याच, आणि डेटनच्या बाहेर जवळपास कुणालाच पत्ता नाही. बरीच वर्षं तर बँड लोकांसमोर वाजवतही नव्हता.

यावर मला थोडं थांबावंसं वाटतं. कलाकाराचं चरित्र सांगताना आपण अपयशाची वर्षं एका वाक्यात उरकतो आणि लगेच यशाकडे येतो. पोलार्डच्या बाबतीत तसं करणं हा अन्याय आहे. ज्याला जगाने छत्तिसाव्या वर्षी पाहिलं, तो त्याआधी दहा वर्षं तेच काम तितक्याच जिद्दीने करत होता. घरात दोन मुलं, डोक्यावर रेकॉर्ड छापण्यासाठी काढलेलं कर्ज, घरच्यांना हा नाद पटत नव्हता, आणि तरी दर आठवड्याला नवी गाणी. ऐकणारं कुणी नव्हतं तेव्हा रचलेली काही गाणी नंतरच्या गाजलेल्या अल्बममध्ये आली. तेव्हाही ती चांगलीच होती, फक्त कुणाच्या कानावर पडली नव्हती.

‘प्रोपेलर’बद्दल एवढं का बोललं जातं?

कारण तो शेवटचा अल्बम ठरणार होता. १९९२ पर्यंत पोलार्ड कर्जाला कंटाळला होता. आता एकच रेकॉर्ड काढायची आणि हा विषय बंद करायचा, असं त्याने ठरवलं होतं. मुखपृष्ठं छापायला पैसे नव्हते, म्हणून ५०० कोऱ्या पाकिटांवर बँडच्या आणि मित्रांच्या हातांनी चित्रं काढली, रंग ओतले, फोटो आणि कागदाचे तुकडे चिकटवले. पाचशेच्या पाचशे प्रतींवर वेगळं मुखपृष्ठ. आज त्यातली एखादी विकायला निघाली तर संग्राहक हजारो डॉलर मोजतात.

पण मला त्या पाकिटांपेक्षाही अल्बमची सुरुवात महत्त्वाची वाटते. सुई टेकली की गर्दीचा कल्लोळ ऐकू येतो. लोक “जी-बी-व्ही! जी-बी-व्ही!” असा गजर करताहेत, बँडला रंगमंचावर बोलावताहेत. ही गर्दी खरी नव्हती. बँडमधल्याच लोकांनी ओरडून तो आवाज रेकॉर्ड केला होता. ज्या बँडला गावात कुणी ओळखत नव्हतं, त्याने स्वतःचा प्रेक्षक स्वतःच तयार केला. लहानपणी काल्पनिक अल्बमची मुखपृष्ठं काढणारा मुलगा इथे दिसतो.

आणि मग ते खरं झालं. त्या पाचशेपैकी एक प्रत क्लीव्हलंडच्या स्कॅट रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा मालक रॉबर्ट ग्रिफिन याच्यापर्यंत पोचली. त्याने बँडला करारबद्ध केलं. १९९३ मध्ये ‘व्हॅम्पायर ऑन टायटस’ आला (टायटस हे पोलार्ड राहायचा त्या रस्त्याचं नाव) आणि त्याच वर्षी बँड न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या प्रसिद्ध क्लबमध्ये वाजवायला गेला. पुढे अमेरिकेतल्या क्लबांमध्ये लोक खरोखर तोच गजर करू लागले. पुढच्या सगळ्या वर्षांत तो थांबला नाही.

गाण्यांचा आवाज इतका खराब का आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. ‘बी थाउजंड’ हा अल्बम मी पहिल्यांदा लावला तेव्हा पहिल्याच ‘हार्डकोअर यूएफओज’ या गाण्यात गिटार मध्येच गडप झाली, पुन्हा आली, पुन्हा गेली. मला वाटलं हेडफोनची पिन सैल झाली. काढून पुसली, पुन्हा खोचली, गाणं पहिल्यापासून लावलं. गिटार त्याच जागी गेली. रेकॉर्डिंगमध्येच ती तशी तुटली होती आणि बँडने ती तशीच ठेवली होती.

यामागचं तंत्र समजून घेतलं तर ऐकायला आणखी मजा येते. बँडची त्या काळातली बरीच गाणी घरगुती चार-ट्रॅक कॅसेट यंत्रावर झाली. असं पहिलं यंत्र, पोर्टास्टुडिओ, टीअॅक कंपनीने १९७९ मध्ये आणलं होतं. साध्या कॅसेटची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर एका बाजूचे दोन आणि दुसऱ्या बाजूचे दोन, असे चार पट्टे असतात. चार-ट्रॅक यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरतं. म्हणजे कॅसेट उलटायची सोय जाते, पण चार वेगवेगळे आवाज एकावर एक रचता येतात. एकावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गाणं, चौथ्यावर आणखी काही.

पाचवा आवाज हवा असेल तर? मग भरलेले तीन ट्रॅक एकत्र मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि तीन रिकामे करून घ्यायचे. यात दोन गोष्टी होतात. एकदा मिसळलेलं पुन्हा सुटं करता येत नाही, त्यामुळे ड्रम दबले असतील तर ते कायमचेच दबले. आणि प्रत्येक वेळी फितीची सूं अशी खरखर वाढत जाते, वरचे तीक्ष्ण सूर बोथट होतात. पोलार्डच्या गाण्यांत आवाज कांबळ्यातून आल्यासारखा वाटतो, त्याचं मुख्य कारण हे.

याला लो-फाय म्हणतात. पण हे निव्वळ गरिबीतून आलं असं म्हणणं अर्धसत्य आहे. बँडच्या सुरुवातीच्या काही रेकॉर्ड चांगल्या स्टुडिओत झाल्या होत्या. पोलार्डला त्या आवडल्या नाहीत, त्या निर्जीव वाटल्या. घरी, गाणं सुचल्याच्या दिवशीच, पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात जे हाती लागतं ते पुन्हा स्टुडिओत सापडत नाही, हे त्याला कळलं. म्हणून खरखरीसकट त्याने ते स्वीकारलं. चूक दुरुस्त करायला बसलं तर चुकीबरोबर गाण्यातला जीवही जातो, यावर त्याची श्रद्धा आहे आणि मला ती त्याच्या कामातून पटलेली आहे.

‘बी थाउजंड’ला एवढा मान का?

१९९४ च्या जूनमध्ये आलेला हा अल्बम. वीस गाणी, साधारण ३६ मिनिटं. त्यातलं काही साहित्य नवं, काही जुन्या कॅसेटमधून शोधून काढलेलं, काही दोन अर्धवट गाणी जोडून एक केलेलं. गाण्यांच्या याद्या अनेकदा बनवल्या आणि मोडल्या. त्या जुन्या मसुद्यांवर आधारलेली एक वाढीव आवृत्ती स्कॅटने २००४ मध्ये काढली. ती ऐकली की कळतं, काय गाळलं यातच अर्धं कौशल्य होतं.

अल्बमचं सामर्थ्य मला असं दिसतं. साठच्या दशकातल्या ब्रिटिश पॉपची चाल, तीच गोडी, तोच दिमाख, अगदी उच्चारही थोडा इंग्लंडचा, आणि हे सगळं ओहायोतल्या गॅरेजमध्ये. ‘इकोज मायरन’ ऐका. हे गाणं भरलेल्या मैदानात वाजवायला लिहिलंय असं वाटतं, पण ऐकू येतं ते शेजारच्या घरातल्या रेडिओवर लागल्यासारखं. भव्य गाणं आणि इवलासा आवाज यांच्यामधलं हे अंतर ऐकणाऱ्याला स्वतःच्या मनाने भरून काढावं लागतं. एकदा ते भरलं की गाणं तुमचं होतं. ‘आय अॅम अ सायंटिस्ट’ हे त्यातलं सगळ्यात सरळ, सगळ्यात आतून आलेलं गाणं. अडीच मिनिटांत एक माणूस स्वतःला तपासतो, आणि तेही एका साध्या, विसरता न येणाऱ्या गिटारच्या ओळीवर.

या अल्बमच्या सुमारास पोलार्डने शाळेतली नोकरी सोडली.

गाणी इतकी छोटी का असतात?

कारण सांगायचं ते सांगून झालेलं असतं. नेहमीच्या गाण्यात कडवं, ध्रुवपद, दुसरं कडवं, पुन्हा ध्रुवपद, मधला तुकडा, पुन्हा ध्रुवपद असा फेरा असतो. पोलार्ड बहुतेक वेळा हा फेरा पुरा करत नाही. चाल एकदा ऐकवली, फार तर दोनदा, आणि बंद. ‘गेम ऑफ प्रिक्स’ १ मिनिट ३३ सेकंदांचं आहे. त्याच्यात जेवढा जोर आहे तेवढ्यावर दुसऱ्या एखाद्याने पाच मिनिटं काढली असती. गाणं संपतं तेव्हा हात आपसूक पुन्हा पहिल्यापासून लावायला जातो.

टोबिन स्प्राउट कोण?

बँडमधला दुसरा गीतकार, आणि माझ्या मते त्या सुवर्णकाळाचा अर्धा हिशेब त्याच्या नावावर लागतो. पोलार्ड गर्जना करतो, स्प्राउट हळू बोलतो. ‘बी थाउजंड’मधलं ‘ऑफुल ब्लिस’ मिनिटभराचं आहे, पण आजूबाजूच्या गोंगाटात ते थंड पाण्याच्या घोटासारखं वाटतं. रेकॉर्डिंगची बरीच बाजूही तोच सांभाळायचा. तो चित्रकारही आहे, इतकी बारीक चित्रं काढतो की ती फोटो वाटावीत. १९९६ मध्ये संसाराकडे लक्ष द्यायला तो बाहेर पडला, मिशिगनला गेला. २०१० मध्ये जुना संच पुन्हा जमला तेव्हा परत आला.

‘एलियन लेन्स’ दहा डॉलरमध्ये झाला ही अफवा आहे का?

त्या काळात बँडमध्ये बास वाजवणारा जिम ग्रीर हा पत्रकारही होता. त्याने बँडवर पुस्तक लिहिलं आहे. त्यात तो म्हणतो की बिअरचा खर्च सोडला तर १९९५ च्या या अल्बमला साधारण दहा डॉलर लागले. आणि मॅटाडोर या रेकॉर्ड कंपनीने बँडला दिलेली आगाऊ रक्कम होती जवळपास एक लाख डॉलर. पैसे हातात असतानाही त्यांनी त्याच यंत्रांवर, त्याच पद्धतीने काम केलं, यावरूनच कळतं की तो आवाज त्यांनी निवडलेला होता.

४१ मिनिटांत २८ गाणी. एकातून दुसरं इतक्या झटकन सुरू होतं की रात्री रेडिओची सुई फिरवत बसल्याचा भास होतो. मधूनच स्टेशन लागतं, काहीतरी अप्रतिम ऐकू येतं, आणि सुई पुढे सरकते. ‘मोटर अवे’, ‘माय व्हॅल्युएबल हंटिंग नाइफ’, ‘गेम ऑफ प्रिक्स’ हे सगळे एकाच अल्बममध्ये. मला ‘बी थाउजंड’पेक्षा हा किंचित जास्त आवडतो. यावर चाहत्यांमध्ये कायम वाद असतात.

मोठ्या स्टुडिओत गेल्यावर तो बिघडला का?

असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही.

१९९६ चा ‘अंडर द बुशेस अंडर द स्टार्स’ हा २४-ट्रॅक स्टुडिओतला. त्यातलं काही काम किम डीलबरोबर झालं, काही ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीबरोबर. किम डील ही पिक्सीज आणि ब्रीडर्स या बँडची, आणि तीही डेटनचीच. त्याच वर्षी जुना संच फुटला. मग पोलार्डने क्लीव्हलंडचा कोब्रा व्हर्डे हा अख्खा बँड सोबत घेऊन १९९७ मध्ये ‘मॅग इअरव्हिग!’ केला. डग गिलार्ड आला तो तिथूनच.

१९९९ मध्ये टीव्हीटी या कंपनीसाठी ‘डू द कोलॅप्स’ झाला. निर्माता कार्स या बँडचा रिक ओकासेक. हा अल्बम चकचकीत आहे, आणि काही ठिकाणी ती चकाकी पोलार्डच्या अंगाला बसत नाही हे मलाही मान्य आहे. ‘टीनेज एफबीआय’ मात्र त्या आवाजातच शोभून दिसतं. त्यातलंच ‘होल्ड ऑन होप’ हे बॅलड, म्हणजे संथ, भावुक गाणं, कडव्या चाहत्यांना फार गुळचट वाटलं. पण त्याची पुढची हकिकत ऐका. कंट्री संगीताचा थोर गायक ग्लेन कॅम्पबेल याने २०११ च्या ‘घोस्ट ऑन द कॅनव्हास’ या अल्बममध्ये ते गाणं गायलं. अल्झायमरचं निदान झालेलं होतं आणि हा निरोपाचा अल्बम म्हणून तो करत होता. आशा धरून ठेवण्याचं हे गाणं त्या थकलेल्या, पण अजून सुरेल गळ्यातून ऐकल्यावर मला ते कधीच गुळचट वाटलं नाही.

२००१ चा ‘आयसोलेशन ड्रिल्स’, निर्माता रॉब श्नाफ, हा माझ्या मते स्टुडिओतल्या पोलार्डचा उत्तम नमुना. एकटेपणा, मोडत चाललेला संसार, प्रवासाचा शीण, हे सगळं इथे बरंच उघडपणे येतं. गायक-गीतकार एलियट स्मिथने त्यात काही गाण्यांवर कीबोर्ड वाजवला आहे. ‘ग्लॅड गर्ल्स’ यातलंच. एवढं सगळं असूनही मोठं हिट गाणं काही बँडला मिळालं नाही, आणि २००२ मध्ये ते पुन्हा मॅटाडोरकडे परतले.

बँड किती वेळा मोडला?

जाहीरपणे दोनदा. पहिल्यांदा २००४ मध्ये. ३१ डिसेंबरला शिकागोच्या मेट्रोमध्ये निरोपाचा प्रयोग झाला आणि तो तासन्‌तास चालला. २०१० मध्ये मॅटाडोर कंपनीच्या २१ व्या वर्धापनदिनाला लास व्हेगासमध्ये नव्वदच्या दशकातला संच एकत्र आला. एकट्या २०१२ मध्ये त्यांनी तीन अल्बम काढले. २०१४ मध्ये पुन्हा फाटाफूट झाली. २०१६ पासून नवा अध्याय सुरू आहे. त्यात डग गिलार्ड, बॉबी बेअर ज्युनिअर, मार्क शू आणि केविन मार्च हा संच जमला आणि तो सगळ्यात टिकाऊ ठरला.

एकूण अल्बम किती? आणि सगळे ऐकायलाच हवेत का?

२०१७ चा ‘ऑगस्ट बाय केक’ हा पोलार्डचा शंभरावा स्टुडिओ अल्बम. त्यात गाइडेड बाय व्हॉइसेसचे, त्याच्या एकट्याचे आणि बॉस्टन स्पेसशिप्स, सर्कस डेव्हिल्स अशा जोड-बँडचे सगळे धरले आहेत. त्यानंतरही तो थांबलेला नाही. २०१९ मध्ये तीन, २०२० मध्ये तीन, २०२३ मध्ये तीन अल्बम आले. २००० साली त्याने ‘सूटकेस’ नावाचा संच काढला, त्यात शंभर न वापरलेली गाणी आणि प्रत्येक गाण्यामागे एका काल्पनिक बँडचं नाव. तशा आणखी तीन सूटकेस नंतर निघाल्या. २०१९ च्या ३१ डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये बँडने एकाच रात्री शंभर गाणी वाजवली.

सगळं ऐकायची सक्ती नाही, आणि सगळं सारख्या तोलाचंही नाही. काही अल्बममध्ये दोनच गाणी मनात राहतात. पण “कमी लिहून चांगलं लिही” हा सल्ला मला इथे लागू पडत नाही असं वाटतं. जो माणूस गाणं चांगलं की वाईट हे ठरण्याआधीच ते पूर्ण करून मोकळा होतो, त्यालाच मधूनमधून ‘गेम ऑफ प्रिक्स’ सापडतं. आधी निवड करून मग लिहिणं त्याला जमलं नसतं.

गाण्यांच्या शब्दांचा अर्थ काय? मला काहीच कळत नाही.

पोलार्ड कोलाज करतो, कागदावरही आणि गाण्यातही. जुन्या मासिकांतली चित्रं कापून तो बँडच्या अल्बमची मुखपृष्ठं बनवतो, त्यांची प्रदर्शनंही झाली आहेत. शब्दांशी तो तसाच वागतो. शीर्षकं वहीत टिपून ठेवतो, एखादं ऐकलेलं वाक्य, एखादी चुकीची ऐकलेली ओळ, रोबो, परी, विमानं, शाळेची मैदानं, सगळं शेजारी शेजारी चिकटवतो. त्यात सरळ कथा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण गाण्याचा सूर कधी खोटा नसतो. शब्द अनाकलनीय असतात तिथेही गाणारा माणूस दुखावलाय, खूश आहे, की हट्टाला पेटलाय, हे स्पष्ट ऐकू येतं. आणि मग पाच-सहा अगम्य ओळींनंतर अचानक एक साधी, उघडी ओळ येते आणि घर करून जाते. ती तशी लागते याचं कारण आधीचं धुकं.

तो स्वतः आपल्या संगीताची व्याख्या चार शब्दांत करतो: पॉप, पंक, प्रोग (गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) आणि सायकेडेलिया (स्वप्नवत, भासमय रॉक). इंग्रजी लिपीत चौघांचंही पहिलं अक्षर एकच येतं.

रंगमंचावरच्या दारूबद्दल जे ऐकतो ते खरं आहे का?

हो. बिअरचा बर्फपेटारा हा वर्षानुवर्षं त्यांच्या प्रयोगाचा भाग होता, मागे ‘द क्लब इज ओपन’ अशी निऑनची पाटी. चाहत्यांनी त्याचं कौतुक केलं आणि काही रात्री त्याची किंमत गाण्यांनी मोजली. मला या भागाचं फारसं आकर्षण नाही. नव्या ऐकणाऱ्याने याच गोष्टीपासून सुरुवात करू नये असं मनापासून वाटतं.

त्याचा प्रभाव कोणाकोणावर दिसतो?

ब्रीडर्सने १९९४ मध्येच ‘शॉकर इन ग्लूमटाउन’ हे त्यांचं गाणं आपल्या पद्धतीने केलं. स्ट्रोक्स या बँडची मंडळी अजून प्रसिद्ध व्हायची होती तेव्हा गाइडेड बाय व्हॉइसेसच्या प्रयोगांत त्यांच्या आधी वाजवायची. पुढे स्वतः मोठे झाल्यावर त्यांनी ‘समडे’ या गाण्याच्या व्हिडिओत पोलार्ड आणि मंडळींना सन्मानाने बोलावलं. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गने २००५ च्या ‘बबल’ या चित्रपटाचं संगीत पोलार्डकडून करून घेतलं.

नावांच्या यादीत न मावणारा प्रभाव याहून मोठा आहे. आज कुणीही स्वतःच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करून त्याच रात्री जगापुढे ठेवतं आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. नव्वदच्या दशकात यासाठी कंपनी, स्टुडिओ आणि निर्माता यांची परवानगी लागते असं गृहीत धरलं जात होतं. असं काम करणारा पोलार्ड काही एकटाच नव्हता, पण चाळिशीकडे झुकलेल्या, संसारी, महानगरापासून लांबच्या एका मास्तराने ते करून दाखवल्यामुळे अनेकांना वाटलं की आपल्यालाही उशीर झालेला नाही.

सुरुवात कुठून करू?

‘एलियन लेन्स’ किंवा ‘बी थाउजंड’, पण एक विनंती आहे. सुटी गाणी निवडून ऐकू नका. पूर्ण अल्बम एका बैठकीत लावा, पाऊण तासाच्या आतच संपतो. पहिल्यांदा ऐकताना निम्मं हातातून निसटेल, निसटू द्या. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना किंवा जिना चढताना एखादी चाल ओठांवर येईल आणि ती कुठल्या गाण्याची हे आठवणार नाही. मग ती शोधायला अल्बम पुन्हा लावा.

खरखर अगदीच सहन होत नसेल तर ‘आयसोलेशन ड्रिल्स’ घ्या. अलीकडचं काही हवं असेल तर २०१८ चा ‘स्पेस गन’. आणि हे तिन्ही आवडले की मग ‘प्रोपेलर’ लावा, आवाज मोठा ठेवा, आणि त्या सुरुवातीच्या गजरात कोण ओरडतंय ते लक्षात ठेवून ऐका.